मार्केटच्या बाजूची खोली

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, काकी जयपूरच्या भाजी मंडीसमोरच्या लॉजमधून एकट्याच बाहेर पडल्या. त्यांनी रिक्षा केली, जुन्या शहरात गेल्या आणि तिथल्या एका लहान हॉटेलात स्वतःच्या नावाने खोली घेतली. लग्नाला चाळीस वर्षे उलटून गेली होती. नवऱ्याला मागे ठेवून हॉटेलात उतरण्याची ही त्यांची पहिली वेळ. निघताना त्यांनी लॉजच्या मॅनेजरकडे निरोप ठेवला : "मी शहरात जाते. तुमचं शहर बघून झालं की या."

निरोप ज्यांच्यासाठी होता ते तात्या त्या वेळी मंडीत कांदा बघत होते.

तात्या वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातले अडत्ये. शेतकऱ्याने पाठवलेला माल विकून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची, हा त्यांचा धंदा. मूळ गाव साताऱ्याकडे, खटाव तालुक्यात, घर सानपाड्याला. त्याच इमारतीत त्यांचा दुसरा एक फ्लॅट होता आणि त्यात मी भाडेकरू होतो. मी ज्या दैनिकात काम करत होतो त्यातला बाजारभावाचा रकानाही माझ्याकडे होता. त्यामुळे घरमालक आणि बातमीचा स्रोत एकच. रोज सकाळी नऊनंतर मी त्यांना फोन करत असे. तात्या "बोला पेपरवाले" म्हणत आणि मी काही बोलण्याआधी भाव सांगून मोकळे होत.

तात्या बाहेरगावी गेले तरी या रिवाजात खंड पडत नसे. गाळा मुलगा सांभाळत होता, भाव त्यालाही माहीत असे. पण तो पेपरला देण्याचा अधिकार तात्यांनी त्याला दिलेला नव्हता. ते असतील तिथून सकाळी मुलाला फोन करून भाव घेत आणि मग मला देत. वाशीच्या कांद्याचा भाव मी अशा रीतीने इंदूरहून, बनारसहून आणि एकदा हावड्याच्या पुलावरून घेतलेला आहे. पुलावरून बोलताना तात्या ओरडून बोलत होते. मागून काकींचा आवाज येत होता, "आवं, पूल बगा की जरा."

त्यांचा पोशाख ठरलेला : पांढरी पँट, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेने. कोणतीही वस्तू हातात आली की ते ती आधी अंगठ्याने दाबून बघत. कांदा तर दाबतच, पण मी दिवाळीला दिलेला मिठाईचा खोका, नवी उशी, नातवाचा गालही दाबत. दाबून झाले की निकाल सांगत. उशीबद्दल "दोन महिनं टिकंल", नातवाबद्दल "टिकाऊ हाय". प्रवासाला निघताना पिशवीत गावाकडचे दोन कांदे असत. हॉटेलातला कांदा ते खात नसत. मात्र उतरले त्या शहरात पहिल्या दिवशी तिथला एक कांदा विकत घेऊन बुक्कीने फोडत, वास घेत आणि त्यावरून त्या शहराचे पाणी कसे आहे ते सांगत. हे निदान तपासून बघायचे साधन माझ्याकडे नव्हते.

आमच्या इमारतीत आणि मार्केटात तात्यांची खरी ख्याती कांद्यामुळे नव्हती. कुठल्याही शहरात दोन-तीन दिवस फिरायला जायचे तर उतरायचे कुठे, हे ते सांगत. रविवारी सकाळी ते इमारतीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असत आणि लोक येऊन विचारत. हॉटेलचे नाव त्यांनी कधीच कुणाला सांगितले नाही. ते एरिया सांगत.

दुसऱ्या मजल्यावर महाप्याच्या आयटी पार्कमध्ये काम करणारा एक इंजिनिअर राहत असे. आईला घेऊन तो कोलकात्याला निघाला होता. तो फोन हातात धरूनच आला.

"तात्या, हे बघा. चार पॉइंट पाच रेटिंग आहे. ब्रेकफास्ट पण इन्क्लुडेड."

"हे तारं कुणी दिलं?"

"लोकांनी. राहून गेलेल्या."

"एक रात्र झोपून गेलेल्या मानसानं दिलेलं तारं घिऊन तू आईला नेनार? आरं, हॉटेल म्हंजे चार भिंती आन एक बादली. एरिया बोल. किती दिवस हायेत?"

"तीन."

"तीन दिवसांत शहर बगायचं म्हंजे एरिया चुकला की शहर गेलं. मार्केटच्या बाजूला उतर."

"कुठल्या मार्केटच्या?"

"कुटल्या म्हंजे? कांदा-बटाट्याच्या. दुसरं कुटलं मार्केट असतंय?"

त्यांनी तिथल्या तिथे कोलकात्याच्या आपल्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि जुन्या शहरातल्या आलू-प्याज मंडीच्या मागच्या गल्लीतली खोली ठरवून टाकली. इंजिनिअरने विरोध केल्याचे आढळले नाही. तात्यांपुढे सहसा कुणी करत नसे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बाजार नेहमी शहराच्या पोटात असतो. तिथून सगळे चालत जायच्या अंतरावर. तिथे पहाटेपासून चहा ताजा, पुऱ्या गरम, गाडी हाकेसरशी. आणि मुख्य म्हणजे बाजाराच्या एरियात कुणी ना कुणी कायम जागे असते. "बाकीचं शहर रातच्याला मरून पडतं," ते म्हणत.

इंजिनिअरच्या आईला कोलकात्यात दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखू लागले. हॉटेलचा माणूस गाढ झोपलेला, गल्लीत गाडी शिरायला जागा नाही. तेव्हा मंडीतल्या हमालांनी बटाट्याच्या रिकाम्या गोण्या अंथरून त्यांना हातगाडीवर निजवले आणि नाक्यावरच्या दवाखान्यात पोचवले. पित्त निघाले. त्या परत आल्यावर पेढे घेऊन तात्यांकडे गेल्या. "तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, पण जीव वाचला," असे त्यांनी सांगितले. तात्यांनी वाक्याचा दुसरा भाग पुढे बरेच दिवस लोकांना ऐकवला. पहिला भाग ऐकवला नाही.

पहिला भाग काकींना ठाऊक होता. तात्या दर हिवाळ्यात त्यांना कुठे ना कुठे फिरायला नेत. मार्केटातल्या इतर बायकांना एवढेही मिळत नाही, हे त्या स्वतःच सांगत. पण प्रत्येक शहरात घडत असे ते एकच. पहाटे ट्रक येऊ लागले की तात्यांना जाग येई. "जरा भाव बगून येतो" म्हणून ते जात आणि दुपारी जेवायला उगवत. काकी खोलीत बसून राहत. त्या एरियात एकट्या बाईने फिरण्यासारखे काही नसे. गोण्या, हातगाड्या, चिखल, आणि कांद्याची सालपटे.

"सात शहरं बगितली मी," काकी एकदा माझ्या पत्नीला म्हणाल्या. "सगळीकडं खिडकीतनं ट्रकाचं मागचं फाळकं दिसलं. नंबर प्लेटीवरनं मला राज्य कळतं."

"तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"सांगू काय? लांबची हौस न्हाई मला. कुटल्या तरी गावात सकाळच्याला ह्यांच्याबरोबर चालत निघावं, ही दुकानं बगा, ते देऊळ बगा म्हनावं, एवढंच. ते म्हनत्यात, आगं मार्केट बग की, तितंच समदं हाय."

हे सांगताना त्या हसत होत्या. तात्यांबद्दल बोलताना त्या नेहमीच हसत.

तात्यांच्या या मताचा उगम मला एकदाच कळला. जुन्या मार्केटाबद्दल एक लेख करायचा होता म्हणून मी त्यांच्या गाळ्यावर गेलो होतो. कांदा-बटाट्याचा बाजार पूर्वी मुंबईत, मस्जिद बंदरला भरे. तात्यांच्या वडिलांची जागा तिथे होती. बाजार खाडीपलीकडे हलवायचा हुकूम झाला तेव्हा तात्या विशी-पंचविशीत होते. इकडे तेव्हा गाळे होते, रस्ते होते आणि बाकी चिखल होता, असे ते म्हणाले.

"बापानं सामान बांधाय मदत केली. टेम्पोत काय बसला न्हाई. गावाकडची एस्टी धरली त्यानं."

"वाशीला कधी आले नाहीत?"

"एकदाबी न्हाई. गावात कुणी इचारलं, पोरगं कुटं असतंय, तर सांगायचा, मुंबईत हुतं. आता भायेरगावी असतंय." तात्यांनी समोरच्या गोणीतला एक कांदा उचलला आणि दाबला. "मरंस्तोवर हेच सांगितलं. मग म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. मुंबईचा कांदा कुटनं जातो? हितनं. मग मुंबई कुटं हाय?"

"कुठे?"

"हित्तंच. कांद्याच्या मागनं आली. लिवा पेपरात."

मी ते लिहिले. जागेअभावी छापून आले नाही.

बाजार वाशीला आल्यापासून तात्या कामाशिवाय खाडीचा पूल ओलांडून मुंबईत गेल्याचे कुणाला आठवत नाही. पाहुण्यांनाही ते पलीकडे नेण्याच्या बाबतीत नाखूश असत. जयपूरहून एक व्यापारी पत्नीसह मुंबई बघायला आले. मार्केटात त्यांना शेठजी म्हणत. तात्यांची त्यांच्याशी फोनवरची दोस्ती वर्षानुवर्षांची. तात्यांनी त्यांची खोली वाशीलाच घेतली, मार्केटच्या बाजूला. पहिल्या दिवशी कांदा-बटाटा मार्केट झाले, दुपारी फळांचे, संध्याकाळी मसाल्याचे. शेठाणींना मसाल्याने शिंका लागल्या त्या जेवणापर्यंत थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी समुद्राबद्दल विचारले. तात्यांनी त्यांना वाशीतच खाडीच्या काठी नेले.

"ये समंदर है?" शेठाणींनी विचारले.

"समंदर का ही है, भाभीजी," तात्या म्हणाले. "समंदर का हात समझो."

शेठाणी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गेटवेला जायचे ठरले. वाटेत मानखुर्दला गाड्यांची रांग लागली. पोचले तेव्हा अंधार पडत आला होता, होड्या बंद झाल्या होत्या आणि रात्रीच्या गाडीची वेळ झाली होती. चौपाटी राहिली. सानपाड्याला डबा भरून देताना काकी शेठाणींना स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "अगली बार मैं दिखाऊंगी समंदर. इनको मत बोलना." दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले. शेठजी आणि तात्या कांद्याबद्दल बोलत. या दोघी बाकी सगळ्याबद्दल बोलत.

जयपूरला जायचे ठरले ते असे, शेठजींच्या आग्रहावरून. तात्या तरुणपणी एकदा एकटेच जयपूरला जाऊन आले होते. त्या वेळी मंडी शहरात होती. चालत हवा महल बघून ते परत लिलावाला पोचले होते आणि हे उदाहरण ते आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ नेहमी देत. आता त्यांनी शेठजींना फोन करून सांगितले, होटेल मंडी के पास चाहिए. शेठजींनी घेतले.

मधल्या काळात जयपूरची मंडी शहराबाहेर हलवली गेली होती. सांगानेरच्याही पुढे. तात्यांना हे माहीत नव्हते.

त्या मंडीशी त्यांचा वर्षानुवर्षे व्यवहार होता. मालाच्या कागदांवर नवा पत्ता छापलेला असे. मी नंतर वाशीच्या गाळ्यावर त्यांना याबद्दल विचारले.

"पत्ता काय कुणी वाचतंय व्हय?" ते म्हणाले. "मंडी लिवलेलं असतं. मंडी म्हंजे शहरात. आता मंडी गावाभायेर गेली, हे कोन कशाला इचारील?"

मी समोरच्या मार्केटच्या फाटकाकडे बघितले. तात्यांनी बघितले नाही.

ते दोघे शुक्रवारी संध्याकाळी जयपूरला उतरले. स्टेशनवरून रिक्षा निघाली ती शहराला पाठ करून. काकी दोनदा म्हणाल्या, गुलाबी काही दिसत नाही. तात्या म्हणाले, संध्याकाळच्या उजेडात कळायचं न्हाई. लॉजसमोर मंडीचे फाटक होते, फाटकासमोर ट्रक होते आणि ट्रकांच्या मागे मोकळे रान. रात्री तात्यांनी जयपूरचा कांदा फोडून वास घेतला. काकींनी खिडकी उघडून बघितली आणि लावून घेतली. पहाटे तात्या मंडीत गेले. उजाडल्यावर काकींनी शेठाणींना फोन लावला. जुन्या शहरातल्या हॉटेलचे नाव शेठाणींनी सांगितले, आणि रिक्षावाल्याशी काय बोलायचे तेही.

नऊनंतर मी नेहमीप्रमाणे भावासाठी फोन केला. तात्यांनी भाव दिला आणि म्हणाले, "पेपरवाले, काकी कुटं गेली तुमची?" जसा काही मी जयपूरला होतो.

पुढचे मला तात्या आणि शेठजी दोघांनीही सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक फारसा नाही. तात्या मॅनेजरकडून निरोप ऐकून शेठजींच्या गाळ्यावर गेले.

"शेठजी, ये मंडी शहर के बाहेर कब आयी?"

"कब की आ गयी. आपको पता नहीं?"

"फिर होटेल इधर कायको लिया?"

"आपने बोला, मंडी के पास." शेठजी गोंधळले होते. "और वाशी में आपने हमको भी मंडी के पास ही रखा था. हमने सोचा, आपके यहाँ मेहमान को ऐसे ही रखते हैं."

शेठजींच्या सांगण्यानुसार तात्यांनी समोरच्या ढिगातला एक कांदा घेतला, दाबला, परत ठेवला, घरी फोन लावून शेठाणींकडून हॉटेलचे नाव घ्यायला सांगितले, आणि रिक्षा कुठे मिळेल ते विचारले.

काकी हॉटेलच्या गच्चीवर उन्हात बसून पेरू खात होत्या. खाली बाजारपेठेचा रस्ता, दोन्ही अंगांना दुकाने, कमानी, कबुतरे. तात्या जिना चढून आले. दम लागला होता.

"कांदा कसा हाय हितला?" काकींनी विचारले.

"पानचट."

"बसा मग."

ते बसले. काकींनी पेरूची फोड पुढे केली. तात्यांनी ती दाबून बघितली आणि खाल्ली. संध्याकाळी दोघांनी हवा महल बघितला. तात्यांना तो मागच्या वेळेपेक्षा लहान वाटला. रात्री काकींनी त्यांना सांगितले की सकाळी दुकाने उघडायच्या आधी रस्त्याने चालायचे आहे. तात्या "जाऊ की" म्हणाले.

पहाटे त्यांना जाग आली. जुन्या शहरातून शहराबाहेरच्या मंडीपर्यंत रिक्षाने जाऊन, भाव बघून, ते परत आले तेव्हा दुकाने उघडून गिऱ्हाईक लागले होते. मला त्या दिवशीचा वाशीचा भाव त्यांनी रिक्षातून दिला.

काकी त्या रस्त्याने एकट्या चालून आल्या होत्या. परतल्यावर त्यांनी सानपाड्याला सगळे वर्णन केले : झाडणारे, कबुतरांना दाणे टाकणारा म्हातारा, दुकानांच्या फळ्या काढण्याचा आवाज, भिंतींवर चढत येणारे ऊन. "समदं बगितलं," त्या म्हणाल्या. "हे बगा म्हनायला शेजारी कुणी नव्हतं, एवढंच."

तात्या तिथेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटले.

रविवारची खुर्ची त्यानंतरही चालू राहिली. फरक एकच पडला. एरिया सांगण्याआधी तात्या आता संबंधित शहराच्या व्यापाऱ्याला फोन करून आधी विचारत, "मंडी किधर है अभी?" उत्तर ऐकून त्यांची मान हलत राही. एकामागून एक शहरांच्या मंड्या गावाबाहेर गेल्याचे त्यांना याच काळात समजले. प्रत्येक वेळी ते मला तसे कळवत. "पेपरवाले, ही बी गेली," एवढेच म्हणत. मग भाव सांगत.

पुढच्या दिवाळीनंतर शेठजींचा फोन आला. मुंबईला यायचे होते, दोन दिवसांसाठी. शेठाणींचा समुद्र राहिला होता. मी भाड्याचा चेक द्यायला गेलो होतो, त्यामुळे पुढचे बोलणे माझ्यासमोर झाले. तात्यांनी वाशीच्या लॉजचा नंबर काढला.

"ठेवा तो फोन," काकी स्वयंपाकघरातून आल्या. "ह्या टायमाला एरिया मी सांगनार."

"तू?"

"गिरगाव."

"गिरगाव?" तात्या माझ्याकडे वळले. "पेपरवाले, गिरगावात कांदा कोन इकतंय?"

"कुणी न्हाई," काकी म्हणाल्या. "म्हनूनच. चौपाटी चालत हाय तितनं. खोलीबी बगितली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या इंजिनेराच्या आईंनी शोधून दिली फोनवर. दोन खोल्या."

"दोन कशाला? ती दोघंच येनार हायेत."

"पाहुण्यांला एकटं सोडायचं? जयपुरात शेठानी न्हवती का माझ्या पाठीशी? आपुनबी ऱ्हानार."

"आगं, सानपाड्यावरनं येऊन-जाऊन करू की. तासाची वाट."

"मानखुर्दात किती तास लागलं हुतं त्येंना? मी सकाळच्याला समंदरावर चालनार हाय. शेठानीलाबी दावनार हाय. तुमी या न्हाईतर मार्केटात बसा. पन ह्या टायमाला निरोप ठिवून जानार न्हाई मी. तोंडावर सांगते."

तात्या माझ्याकडे बघत होते. मी चेकवरची सही तपासत होतो.

"तारं किती हायेत त्या हॉटेलला?" त्यांनी अखेर विचारले.

"इचारलं न्हाई."

"बरं केलं," तात्या म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

ते चौघे गुरुवारी संध्याकाळी गिरगावात उतरले. तात्यांच्या पिशवीत गावाकडचे दोन कांदे होते, असे मुलाने सांगितले. रात्री त्याने स्वतःहून बापाला फोन केला तेव्हा तात्या म्हणाले की उशी बरी आहे, पण एरियात ट्रकाचा आवाज अजिबात नाही, झोप कशी लागायची. पहाटे टॅक्सी करून वाशीला येतो, लिलाव बघतो आणि बाकीचे उठायच्या आत परत जातो, असेही ते म्हणाले होते. मुलाने गाळा लवकर उघडून ठेवला.

शुक्रवारी सकाळी नऊनंतर मी तात्यांना फोन केला. तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी गाळ्यावर लावला.

"बाबा तिकडे आले का?" मी विचारले.

"नाय आले." मुलगा म्हणाला. "मला वाटलं तुमच्याशी बोलले असतील. भावासाठी पण फोन नाय आला आज. आईला लावला तर ती म्हणाली टेन्शन घेऊ नको, आम्ही फिरतोय. कट केला तिने."

"आम्ही म्हणजे?"

"तेच तर. मी विचारलं बाबा कुठे, तर म्हणाली, बाजूला चालतायत."

थोड्या वेळाने काकींनी मला एक फोटो पाठवला. तात्या एका अरुंद रस्त्यावर बंद शटरसमोर उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, हातात चहाचा ग्लास. शटरवरची पाटी प्लास्टिकच्या डब्यांच्या घाऊक दुकानाची होती आणि खाली पत्त्यात मस्जिद बंदर लिहिलेले वाचता येत होते. तात्यांचा एक हात शटरवर होता, अंगठा पत्र्यावर टेकलेला.

फोटोमागोमाग काकींचा व्हॉइस मेसेज आला. मागे रस्त्यावरची गाड्यांची वर्दळ ऐकू येत होती.

"भाऊ, सासऱ्यांची जागा हुती ही. पहाटंच उठून म्हनले, चल, तुला दावतो. टॅक्सीनं आलो. हे बग, ते बग, बोलतच हायेत तवापासनं. ह्यांचं शहर बगून झालं. आता माझं बगाय निघालो. शेठानी चौपाटीवर थांबलीय."

मी पुन्हा गाळ्यावर फोन केला. कांद्याचा त्या दिवसाचा भाव मला मुलाने दिला. शनिवारच्या अंकात तो छापून आला.